गॅस गिझर बाहेर, गरम पाणी आत

थंडी पडू लागली की गॅस गिझरविषयी विचारणा सुरू होते, आणि प्रश्न दरवर्षी तेच असतात. “आमच्या बाथरूमला खिडकी आहे, मग आत लावला तर चालेल ना?” “एक्झॉस्ट फॅन बसवलाय, तेवढा पुरे का?” “धुराचा पाइप डक्टमध्ये सोडलाय, बरोबर आहे ना?” “नवीन गिझरला सेफ्टी असते म्हणे?” हे सगळे विचारणाऱ्यांनी एक गोष्ट धरूनच ठेवलेली असते: गिझर बाथरूममध्येच असणार, तो सुरक्षित कसा करायचा तेवढे सांगा.

खरा घोटाळा तिथेच आहे. गॅस गिझर बाथरूममध्ये लावायचाच नसतो. आत यायला हवे ते गरम पाणी, आणि त्यासाठी नळ पुरतो. पण बिल्डरने विजेच्या गिझरसाठी बाथरूमच्या भिंतीत वर गरम-गार पाण्याचे दोन पॉइंट काढून ठेवलेले असतात. बसवायला आलेल्या माणसाला त्याच जागी दोन स्क्रू मारून अर्ध्या तासात मोकळे होता येते. तुम्ही हटकलेत, तर “ताई, सगळ्यांकडे इथंच लावतो, काही होत नाही,” हे उत्तर तयारच असते. सोबतची पुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरा. गिझर बाथरूममध्ये लावू नये, ही सूचना बहुतेक पुस्तिकांत अगदी पहिल्या पानांवरच असते.

आत का नाही, याचा हिशेब

मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गिझर स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्याइतकी उष्णता काढतो. दहा मिनिटांच्या आंघोळीत साधारण दीडशे ग्रॅम एलपीजी जळतो आणि तेवढा नीट जळायला जवळजवळ दोन घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये हवाच असते जेमतेम साडेपाच घनमीटर. म्हणजे दार-खिडकी लावलेली असेल, तर एका माणसाच्या आंघोळीत तिथल्या एक तृतीयांशाहून अधिक हवेतला प्राणवायू संपतो. पाठोपाठ दुसरा माणूस जातो, मग तिसरा.

प्राणवायू कमी पडला की ज्योत पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. सिलिंडरमधला गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग, ना डोळ्यांची चुरचुर. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. आधी डोके जड होते, गरगरते, मळमळते. मग पाय साथ सोडतात आणि धोका कळेपर्यंत कडीकडे हात नेण्याचीही ताकद उरत नाही. काहींना झटकेही येतात. बाथरूममध्ये पडलेल्या अशा रुग्णाला अपस्मार समजून त्याच औषधांवर ठेवल्याची उदाहरणे आपल्याकडच्या डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत.

या दुर्घटना हिवाळ्यात आणि धुळवड-रंगपंचमीला अधिक घडतात, त्याचे कारण साधे आहे. थंडीत खिडक्या बंद असतात, आणि रंग काढायला माणूस अर्धा-पाऊण तास नळाखाली उभा राहतो.

मग लावायचा कुठे?

- ड्राय बाल्कनी किंवा उघडी गॅलरी: सर्वांत चांगली जागा. पण ती खरोखर उघडी हवी. स्लायडिंगच्या काचा लावून बंद केलेली ड्राय बाल्कनी ही खोलीच झाली. कपडे पावसात भिजू नयेत म्हणून तिला प्लॅस्टिकचा पडदा बांधलात, तरी तेच.
- बाथरूमच्या बाहेरची भिंत: बंगला, वाडा किंवा बैठ्या घरात हे सहज जमते. वर पत्र्याची टोपी करा, पण तिन्ही बाजू मोकळ्या ठेवा. गिझरच्या डोक्यापासून पत्रा पुरेसा उंच हवा.
- स्वयंपाकघर: मोठी, रोज उघडी राहणारी खिडकी असेल आणि धूर थेट बाहेर नेणारे मॉडेल असेल तरच. शेगडीच्या किंवा सिलिंडरच्या डोक्यावर नको, फ्रिज किंवा विजेच्या बोर्डाला खेटून नको.
- बेडरूम, पॅसेज, जिन्याखालची जागा, पोटमाळा: नाही.

भिंत विटांची किंवा टाइल लावलेली असावी. लाकडी पॅनेलवर किंवा प्लायच्या कपाटात गिझर दडवू नका. इंटिरिअरवाले “दिसायला बरं” म्हणून तो कपाटात घालायला सांगतात. त्यांचे रंगांविषयी ऐका, याविषयी ऐकू नका. ज्योत दिसण्याची खिडकी साधारण डोळ्यांच्या उंचीवर यावी, म्हणजे ती पाहण्याची सवय राहते.

गळती झालीच तर गॅस कुठे जाईल, तेही जागा ठरवताना पाहा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून त्याला खाली वाट हवी. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याला वर वाट हवी. कठड्याला जाळी असलेल्या उघड्या गॅलरीत दोन्ही सोयी आपोआप होतात.

“बाहेर लावला तर चालू-बंद करायला कोण जाणार?”

कोणीही नाही. या एका गैरसमजापायी कितीतरी गिझर बाथरूममध्ये टांगले गेले आहेत. गिझरमध्ये पाण्याच्या दाबावर चालणारा स्विच असतो. तुम्ही बाथरूममधला गरम पाण्याचा नळ सोडला की पाणी वाहू लागते, बाहेर गिझर टिक-टिक करून पेटतो. नळ बंद केला की विझतो. मात्र नळ बंद केल्यावर पाइपातला दाब सोसणारे आणि लांबच्या नळावर चालणारे मॉडेल आहे ना, हे विकत घेतानाच विचारा. बिलावर तसे लिहूनही घ्या.

गिझरपासून बाथरूमपर्यंतचा पाइप गरम पाण्यासाठीचाच हवा, साधा पांढरा पीव्हीसी नव्हे. पंधरा फुटांच्या अर्ध्या इंची पाइपात लिटरपेक्षाही कमी पाणी मावते. म्हणजे सुरुवातीला तांब्याभर गार पाणी येईल, एवढाच काय तो तोटा. पाइपावर फोमचे आवरण चढवले तर थंडीत उष्णता वाया जात नाही.

टाकीच्या अगदी खालच्या मजल्यावर राहत असाल, तर दाब कमी पडून गिझर पेटतच नाही. तिथे छोटा प्रेशर पंप लागतो. “गिझर पेटत नाही, म्हणून टाकीजवळच्या बाथरूममध्ये आत घेऊ या,” असा सल्ला मिळाला तर तो धुडकावून लावा.

धुराचा पाइप: खऱ्या चुका इथे होतात

आधी तुमचे मॉडेल कोणत्या जातीचे आहे ते पाहा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त गिझरपैकी बऱ्याच गिझरना धुराड्याचे तोंडच नसते, वरच्या फटींतून धूर सरळ आसपासच्या हवेत जातो. असा गिझर फक्त उघड्या जागेसाठी. त्याच्या डोक्यावर पत्रा वाकवून पाइप जोडण्याचा उद्योग करू नका, ज्योतीचे सगळे गणित बिघडते.

दुसऱ्या जातीच्या गिझरच्या डोक्यावर गोल तोंड असते, धूर स्वतःच्या उष्णतेने वर चढून पाइपातून बाहेर जातो. तिसऱ्या जातीत पंखा धूर ढकलतो. चौथ्या जातीत एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांतून हवा बाहेरूनच आत येते आणि धूर बाहेर जातो, खोलीतल्या हवेशी संबंधच येत नाही. बंद जागेजवळ लावायची वेळ आली तर ही चौथी जात घ्या. महाग असते, पण तिथे काटकसर करू नका.

नैसर्गिक ओढीच्या, म्हणजे दुसऱ्या जातीच्या पाइपासाठी एवढे पाळा:

१. पाइपाचे माप गिझरच्या तोंडाएवढेच. चार इंची तोंडाला तीन इंची पाइप कोंबू नका.

२. तोंडापासून पाइप आधी सरळ वर चढला पाहिजे, मग वळण. जितके एल्बो कमी तितके बरे. आडवा भाग बाहेरच्या दिशेने थोडा चढता ठेवा. पंख्याच्या गिझरला उलट, बाहेरच्या दिशेने किंचित उतार लागतो, म्हणजे पाऊस आत येत नाही. त्याची पुस्तिका पाहा.

३. पाइप स्टेनलेस स्टीलचा. पीव्हीसीचा पाइप मऊ पडतो आणि सांध्यातून सुटतो. सुटला की तो छताच्या आड सुटतो, दिसत नाही.

४. शेवटचे टोक मोकळ्या आकाशाखाली, टोपी आणि जाळी लावून. मुंबई-पुण्यात कबुतरांना असा कोमट पाइप फार आवडतो. सहा महिने गिझर बंद राहिला, तर आधी टॉर्च मारून आत घरटे नाही ना ते पाहा.

५. टोक कोणाच्याही खिडकीखाली, खिडकीशेजारी किंवा एसीच्या हवा ओढणाऱ्या बाजूला नको.

आता डक्टचा प्रश्न. सोसायट्यांच्या बाथरूमना ज्या अरुंद डक्टमध्ये झरोका असतो, तो डक्ट धूर सोडण्यासाठी बांधलेला नसतो. वर गच्चीवर तो पुष्कळदा पत्र्याने झाकलेला असतो. खालच्या मजल्यावरून सोडलेला धूर मग वरच्या बाथरूमच्या पट्ट्यांच्या खिडकीतून शेजाऱ्याच्या घरात शिरतो. तिथे तर कदाचित गॅस गिझरच नसतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही. डक्टमध्ये धूर सोडू नका, आणि तुमच्या डक्टमध्ये कोणी सोडत असेल तर सोसायटीला लेखी कळवा.

सगळे बसवून झाल्यावर उदबत्तीची परीक्षा घ्या. त्याआधी गॅसचे सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासून घ्या, बुडबुडे आले तर उदबत्तीच काय, काहीच पेटवायचे नाही. सांधे ठीक असतील तर दारे-खिडक्या लावा, घरातले एक्झॉस्ट फॅन आणि स्वयंपाकघरातली चिमणी चालू करा, पाच मिनिटे गिझर चालवा आणि जळती उदबत्ती धुराड्याच्या तोंडाशी, जिथे खोलीतली हवा शिरते तिथे धरा. तिचा धूर आत ओढला गेला पाहिजे. तो तोंडावर येत असेल, तर गिझरचा धूरही घरातच येतोय. गिझर बंद करा, खिडक्या उघडा, पाइप दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

एक्झॉस्ट फॅन आणि ‘सेफ्टी’

या परीक्षेत पंखे चालू का ठेवायला सांगितले? कारण एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत येणार. दाराखाली फट नसेल तर ती धुराच्या पाइपातून उलटी येते, सोबत धूर घेऊन. चिमणीही हेच करते. शिवाय गिझर दोन सेलवर चालतो आणि पंखा विजेवर. वीज गेली की पंखा थांबतो, गिझर निवांत चालू राहतो. ज्या उपायाचा जीव महावितरणच्या हाती आहे, त्याच्यावर तुमचा जीव टाकू नका.

‘सेफ्टी’चेही असेच. ज्योत विझली तर गॅस बंद करणारी यंत्रणा गळतीपासून वाचवते, कार्बन मोनॉक्साइडपासून नव्हे. वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर असतो, पण नळ बंद करून पुन्हा सोडला की मोजणी पहिल्यापासून सुरू होते. चार जणांच्या घरात चार आंघोळी पाठोपाठ होतात, टायमरला त्याचा पत्ता नसतो. काही मॉडेलना प्राणवायू कमी झाल्याचे ओळखणारा सेन्सर असतो. तो असलेला चांगला, पण त्याच्या भरवशावर गिझर आत नको.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जरूर घ्या. गॅस गळतीचा डिटेक्टर वेगळा आणि हा वेगळा, दुकानदार एकाच्या जागी दुसरा देतात. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि ईएन ५०२९१ हे मानक छापलेले पाहा. तो बाथरूमच्या वाफेत लावू नका, गिझरच्या जवळच्या खोलीत लावा.

गॅसची जोडणी

शेगडीच्या रबरी नळीला मध्येच कापून ‘टी’ टाकणे आणि तिथून दुसरी नळी गिझरला नेणे, हा प्रकार करू नका. एलपीजी असेल तर वितरकाच्या मेकॅनिकला बोलवा, पाइपचा गॅस असेल तर त्या कंपनीने नेमलेल्या माणसाला. बाहेरच्या प्लंबरला तुमच्या मीटरपुढच्या पाइपाला हात लावू देऊ नका.

रबरी नळी भिंतीतून आरपार नेऊ नका. तिथे तांब्याचा किंवा जीआयचा पाइप, आणि भिंतीत त्याला बाहेरून स्लीव्ह. नळी फक्त शेवटच्या टप्प्यात, आयएसआय चिन्हाची, तारेची वीण असलेली केशरी ‘सुरक्षा’ नळी. तिची मुदत पाच वर्षे असते आणि तारीख नळीवरच छापलेली असते. गिझरच्या आधी हाताला येईल असा वेगळा कॉक हवाच. सिलिंडर उभा आणि उघड्यावर, बंद कपाटात नव्हे.

एलपीजीचा गिझर पाइपच्या गॅसला तसाच जोडता येत नाही, आणि उलटही नाही. दोघांचे जेट वेगळ्या मापाचे असतात. पाइपच्या गॅसचा गिझर सिलिंडरला लावला तर ज्योत मोठी, पिवळी आणि काजळी सोडणारी होते, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडचा कारखानाच. घर बदलताना जुना गिझर नेणाऱ्यांनी हे विसरू नये. जेट बदलायचे काम कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या.

सर्व्हिसिंग वर्षातून एकदा, दिवाळीच्या आसपास. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी टोके, वरच्या पत्र्यावर काजळी किंवा पेटताना ‘भप्’ असा आवाज दिसला-ऐकू आला, तर वर्षाची वाट पाहू नका.

आज हलवता येत नसेल तर

भाड्याचे घर आहे, मालक ऐकत नाही, सोसायटीची परवानगी यायची आहे, अशी अडचण असू शकते. तोवर विजेचा गिझर वापरा किंवा शेगडीवर पाणी तापवा. तेही शक्य नसेल तर क्रम असा ठेवा: बाथरूमचे दार सताड उघडे ठेवून गिझरवर बादल्या भरा, गिझर बंद करा, गॅसचा कॉक बंद करा, दहा-पंधरा मिनिटे हवा खेळू द्या, मग आत जा. गिझर चालू असताना दार लावून कोणीही आत थांबायचे नाही, मुले आणि म्हातारी माणसे तर नाहीच. हा तात्पुरता उपाय आहे, त्यावर पुढचा हिवाळा काढू नका.

कोणी आतून ओ देत नसेल तर

- गॅसचा कॉक किंवा रेग्युलेटर बाहेरूनच बंद करा, दार तोडा, खिडक्या उघडा.
- आत जाऊन तिथेच प्रथमोपचार करत बसू नका, तुम्हीही कोसळाल. माणसाला ओढून मोकळ्या हवेत आणा.
- १०८ ला फोन करा. श्वास चालू नसेल आणि तुम्हाला सीपीआर देता येत असेल तर तो सुरू करा. गॅसचा वास येत असेल तर विजेचे बटण दाबू नका, बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी गळतीच्या क्रमांकावर कळवा.
- दवाखान्यात पोचल्याबरोबर सांगा: “गॅस गिझर चालू होता.” बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतो, त्यावर विसंबून घरी येऊ नका. कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्ताची वेगळी तपासणी असते आणि उपचार म्हणून शंभर टक्के प्राणवायू द्यावा लागतो.
- माणूस शुद्धीवर येऊन बोलू लागला तरीही दाखवा. विस्मरण, चालताना तोल जाणे अशा तक्रारी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही सुरू होऊ शकतात.

बसवणाऱ्याकडून काय घ्यायचे, तक्रार कुठे करायची

गिझरवर आयएसआय चिन्ह आणि आयएस १५५५८ हा क्रमांक पाहा. हा एलपीजी गिझरचा आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक बीआयएस केअर या अॅपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. बिल, वॉरंटी कार्ड आणि बसवणाऱ्याच्या नावासह तारीख-सही असलेली पावती घ्या. जागेचा आणि धुराच्या पाइपाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी लेखी घ्या.

भाडेकरू असाल तर “बाथरूममधला गॅस गिझर बाहेर हलवून द्यावा” एवढे मालकाला मेसेजवर लिहा, फोनवर बोलून सोडू नका. नव्याने करार करणार असाल तर ही अट सही करण्याआधीच घाला.

सिलिंडरच्या अपघातांसाठी तेल कंपन्यांचा विमा असतो: मृत्यूला माणशी ६ लाख रुपये, उपचारांना माणशी २ लाखांपर्यंत, आणि नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. पण तो एलपीजीमुळे लागलेल्या आगीच्या अपघातांसाठी आहे. धुराने गुदमरण्याला तो मिळेल असे धरून चालू नका. काहीही घडले तरी वितरकाला लगेच लेखी कळवा.

विक्रेत्याने किंवा सर्व्हिसवाल्याने पुस्तिकेविरुद्ध जाऊन बाथरूममध्येच बसवून दिला असेल, तर ती सेवेतली त्रुटी आहे. आधी कंपनीला ईमेल करून गिझर विनामूल्य हलवून मागा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. वस्तूची किंवा सेवेची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, म्हणजे गिझरच्या तक्रारीला ते लागणारच नाही. वकीलही सक्तीचा नाही. धोक्याची पुरेशी सूचना न देणाऱ्या उत्पादकावर याच कायद्यात स्वतंत्र जबाबदारी आहे, त्यामुळे पुस्तिका मराठीत, हिंदीत किंवा निदान वाचता येईल अशा भाषेत मिळाली नसेल तर तेही अर्जात लिहा.